वहिनींच्या सुपातलं गागल

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५, दुपारचे सव्वाबारा. नाशिकरोड स्टेशनवर मी तिसऱ्यांदा तिकीट तपासत होतो. वाराणसीहून सुधाआत्याने बोलावलं होतं. तिची सून रंजनावहिनी मूळची बलियाची. लेक दवाखान्यातून सुखरूप घरी आली, म्हणून तिने छठेचा, म्हणजे सूर्याच्या व्रताचा, नवस बोलला होता, आणि आत्याच्या मराठी घरात छठ पहिल्यांदाच होत होती. या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसते. जायचं असेल तर आरक्षण दोन महिने आधी करा.

आत्या राजा घाटामागच्या गल्लीत राहते. शनिवारी पोचलो तेव्हा तिने आधी मला जेवायला वाढलं आणि मग हळूच सांगितलं, "आपल्यात नसतं हे. पण पोरीचा नवस आहे, नाही कसं म्हणू?"

थंडीच्या तोंडावर इथे गागलाला भारी मान. गागल म्हणजे आपल्या महाळुंगाच्या जातीचं, जाड सालीचं मोठं लिंबू. ते छठेच्या सुपात लागतंच. वहिनींच्या आईने घरच्या झाडाची जोडी पाठवली होती: एक माहेरच्या सुपासाठी, एक लेकीच्या नवसाच्या.

सोमवारी संध्याकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं होतं. वहिनींच्या तोंडात आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नव्हता. दुपारी फळं धुऊन मांडलेली होती. आमच्या बाजारात लिंबू घेताना साल नखाने खरवडून वास घेतात. हात आपोआप गेला. वास फार सुंदर होता.

वहिनींनी ते फळ उचलून बाजूला ठेवलं. "नख लागलं, भाऊजी. आता हे चढणार नाही."

त्या रागावल्या नाहीत. एक सूप अपुरं राहील एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. आत्या माझ्याकडे बघतही नव्हती. मी चपला घातल्या.

विश्वेश्वरगंजच्या बाजारात मोसंबी होती, संत्री होती, गागल संपलं होतं. एक फळवाला म्हणाला, "अब निकले हैं भइया? आराम से आते, अगले साल भी है।" शेजारच्याने गंगेपलीकडचं रामनगर सुचवलं. ऑटोवाल्याने दोनशे दहा घेतले, पुलावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या, आणि मी सूर्याकडे बघत होतो.

रामनगरच्या चौकात एक म्हातारी पोतं पसरून बसली होती. तिच्याकडे एकच गागल उरलं होतं. मी हात पुढे केला तशी तिने ते मागे घेतलं. एकच का हवं, असं तिने विचारलं. मी घडलेलं सगळं सांगितलं. ती हसली, साठ रुपये घेतले आणि फळ माझ्या गमछ्यात स्वतः बांधून दिलं.

"आँख से देखना, बबुआ। हाथ से नहीं।"

परतीला ऑटो घेतली नाही. रामनगरहून नाव घेतली, शंभर रुपये. प्रवाहाबरोबर जायचं असल्याने ती पुलापेक्षा लवकर पोचते. हे तुम्हीही लक्षात ठेवा. गाठोडं मी मांडीवर ठेवलं होतं आणि नाक दुसरीकडे वळवलं होतं.

घाटावर ऊस, केळी आणि दिव्यांमधून वाट काढली. वहिनी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, पिवळी साडी भिजलेली, हातात भरलेलं सूप. दुसरं सूप आत्याच्या हातात होतं आणि त्यात गागलाची जागा मोकळी होती. मी गमछा पुढे केला. आत्याने गाठ सोडून फळ सुपात ठेवलं आणि पदर खोचून वहिनींशेजारी पाण्यात उतरली. आपल्यात नसलेलं अर्घ्य तिने दूध ओतून दिलं. सूर्य अजून हातभर वर होता.

मंगळवारी पहाटे उगवत्या सूर्याचं अर्घ्य झालं. वहिनींनी आलं चावून, पाणी पिऊन उपास सोडला, आणि ठेकुआचा, म्हणजे गूळ-कणकेच्या तळलेल्या खाऊचा, प्रसाद मला दिला.

"पुढल्या वर्षी जोडी तुम्हीच आणायची, भाऊजी."

मी दोनदा विचारलं. त्या खरंच बोलत होत्या.

आता नाशिकला आहे. गंगेपेक्षा, आरतीपेक्षा मला पाण्यात उतरणारी आत्याच जास्त आठवते. काल फोनवर ती छठेला "आपली छठ" म्हणाली.

खर्च: रेल्वे जाऊन-येऊन तेराशे चाळीस, ऑटो दोनशे दहा, नाव शंभर, गागल साठ, वहिनींच्या लेकीला खेळणं एकशे वीस. एकूण अठराशे तीस.

देणं: गागलाची एक जोडी, बनारसला पोचती, पुढल्या कार्तिकात.