मिस वर्लीनची अर्धी कविता

मिस वर्लीन टिस्डेल श्रीव्हपोर्टमध्ये शाळेची बस चालवतात. त्या कविता करतात, हे मला त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला लागल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं.

मी तेव्हा साहित्याची पदवी घेऊन नोकरी शोधत होते. मिस वर्लीन मला कॉलेज म्हणत. "कॉलेज, भांडी घास." "कॉलेज, तुझा फोन वाजतोय, बघ कोणी कामावर बोलावतंय का." एका शनिवारी त्या मासे तळत होत्या. तळता तळता, कढईवरची नजर न काढता, त्या बोलायला लागल्या:

आरशा, आरशा, सांग, सगळ्यांत गोरी कोण?
आरसा म्हणाला, बाई, गाडी चालव.
माझ्यात पोरंच पोरं भरलीत,
कॉफी, काकवी, जायफळ, डांबरी रस्ता,
आणि शेवटच्या सीटवर एक उभा आहे.

हे कोणाचं, मी विचारलं.

"माझं. मीठ दे."

मी मीठ दिलं नाही. मी बसले.

कविता त्या सकाळच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात करत, रिकाम्या बसमध्ये. लिहून ठेवत नसत. पाठ होईपर्यंत मोठ्याने म्हणत. विषय ठरलेला. लहानपणी त्यांना राजकन्यांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या आणि त्या गोष्टींशी त्यांचं भांडण होतं. शंभर वर्षं झोपायला वेळ कोणाला असतो. काचेचा जोडा घालून ब्रेक दाबता येतो का. पहिले श्रोते म्हणजे बसमधली पोरं. लाल दिवा लागला की मिस वर्लीन एखादी कविता ऐकवून टाकत. बुरुजातून खाली वेणी सोडणाऱ्या राजकन्येची कविता ऐकून पहिलीतल्या एका मुलीने विचारलं, एवढे केस खरे होते की लावलेले. मिस वर्लीन दिवसभर विचारात होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडवं बदललं. नव्या कडव्यात राजपुत्र अर्ध्यावर चढतो आणि वेणी त्याच्या हातात येते.

तर असं सगळं चाललं असताना मिस्टर क्लोव्हिस गिलरी बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून आले.

ते आमच्या राज्याच्या दक्षिणेकडचे, ओपेलूसासचे. कॅथलिक. विधुर. बोलणं जवळजवळ नाही. मिस वर्लीनच्या बसमधला आरसा गेली दोन वर्षं थरथरत होता. तक्रार करून करून त्या थकल्या होत्या. मिस्टर गिलरींनी पहिल्याच सकाळी तो घट्ट बसवला आणि काही न बोलता खाली उतरले. मिस वर्लीन त्या दिवशी घरी आल्या आणि टेबलाशी बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "कॉलेज, मला बरं वाटत नाहीये." मी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

नंतर सगळं लक्षात आलं. त्यांनी नवी लिपस्टिक घेतली. सकाळी पावणेपाचला शाळेची बस चालवायला लिपस्टिक. रस्त्यात खड्डा नसला तरी बसमधून काहीतरी खडखडायला लागलं, आणि ते मिस्टर गिलरींनाच दाखवावं लागे.

अडचण एकच होती आणि ती त्या हसत सांगत. मिस्टर गिलरींचा रंग भरपूर दूध घातलेल्या कॉफीसारखा. "आणि माझ्यात दूध घालायचं राहूनच गेलं," मिस वर्लीन म्हणत. दक्षिणेकडची ती जुनी घराणी आमच्यासारखीच काळ्यांची, पण उजळ रंगाची; तिथे रंग बघूनच सुना आणतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मिस वर्लीन हे हसत सांगत, पण सांगून झाल्यावर उगाच ओटा पुसत.

त्यांनी मिस्टर गिलरींना आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बोलावलं. ते आले. दर रविवारी यायला लागले. शेवटच्या बाकावर, मांडीवर टोपी, ताठ. आमच्या चर्चमध्ये गप्प बसायची पद्धत नाही. पास्टर बोलतात, आम्ही उत्तर देतो. कोणी उभं राहतं, कोणी रडतं, कोणी रुमाल हलवतं. मिस्टर गिलरी मात्र मेणाच्या पुतळ्यासारखे. चौकशा सुरू झाल्या. त्यांना ऐकू येतं ना. शेवटी मिस वर्लीननी त्यांना डेपोत गाठून सांगितलं, मनाला भिडलं तर काहीतरी करा. ओरडायचं नसेल तर हात हलवा. आमच्याकडे स्वस्थ बसलेला माणूस आजारी समजतात.

मिस्टर गिलरींनी मान डोलावली. करतो म्हणाले.

फेब्रुवारीत, प्रेमाच्या सणाला लागून येणाऱ्या रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण असतं. जेवणानंतर गाणी आणि कविता. मिस वर्लीननी या वेळी नाव दिलं. तोवर त्यांची कविता पोरांशिवाय आणि माझ्याशिवाय कोणी ऐकली नव्हती.

"शेवटचं कडवं त्यांच्यावर आहे," त्या मला म्हणाल्या. "कविता ऐकून ते जागचे हलले, तर पुढच्या रविवारी घरी जेवायला बोलावीन. नाही हलले, तर दुसऱ्या डेपोत बदली मागेन. रोज सकाळी तोंड बघायचं आणि गाडीतल्या तेलाबद्दल बोलायचं, हे आता माझ्याच्याने होत नाही."

हलले म्हणजे किती, मी विचारलं.

"काहीही. मान हलली तरी पुरे. या वयात मी किती मागणार?"

रविवार आला. तळलेले मासे, पालेभाजी, मक्याची पोळी. बटाट्याचं सॅलड कोणी केलंय याची खात्री करूनच लोक वाढून घेत होते. आधी ब्रदर डेल्बर्ट गायले; चर्चमध्ये आम्ही सगळे एकमेकांचे ब्रदर नाहीतर सिस्टर, आणि हे ब्रदर महिन्यातून एकदा तिथेही गातात. ब्रदर डेल्बर्टचं मन सोन्याचं आहे. गाण्याचं तसं नाही. पहिल्या कडव्यालाच इकडे तिकडे एकेक बोट वर व्हायला लागलं. आमच्याकडे मध्येच उठून जायचं असलं की एक बोट वर करायचं, थोडं वाकायचं आणि निघायचं. म्हणजे, माफ करा, जाऊन येतो. हे कोणी शिकवत नाही. चालायला लागलेलं पोरसुद्धा करतं. गाणं संपेपर्यंत हॉल निम्मा रिकामा झाला. मग सगळे परत आले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मिस वर्लीन उभ्या राहिल्या. जांभळा झगा, जांभळी हॅट. आरशापासून सुरुवात केली. शेवटच्या सीटवर एक उभा आहे, या ओळीला हॉल फुटला. "सांग, बाई, सांग," एक म्हातारी म्हणाली. काचेच्या जोड्याला लोक टेबलं बडवत होते. मी मिस्टर गिलरींकडे पाहिलं. हसू नाही, काही नाही. मग मिस वर्लीनचा आवाज खाली आला.

शाळेच्या नाटकात मला झाड केलं.
बाई म्हणाल्या, राजकन्या अशी नसते.
मी झाड झाले. हात पसरले. उभी राहिले.
पडदा पडला, सगळे घरी गेले.
मी अजून उभी आहे.

हॉल शांत झाला. आणि त्या शांततेत मिस्टर गिलरी उठले. टोपी छातीशी धरली. डोळे भरलेले. आणि त्यांनी एक बोट वर केलं.

मला अजूनही ते बोट दिसतं.

आमची माणसं सभ्य आहेत. त्यांच्या टेबलावरच्या सगळ्यांनी खुर्च्या आत घेतल्या. वाट झाली. मिस्टर गिलरी जागचे हलेनात. तेव्हा सिस्टर अर्नेस्टीन आल्या. दारावरच्या सेविकांच्या त्या प्रमुख. पांढरे हातमोजे, पांढरा पोशाख. त्यांनी मिस्टर गिलरींच्या कोपराला हात लावला, वाट दाखवली, दार उघडलं, त्यांना बाहेर सोडलं आणि दार लावून घेतलं. गाणं किंवा कविता चालू असताना गेलेला माणूस ती संपेपर्यंत आत येऊ शकत नाही. नियम आहे. दाराच्या काचेतून मिस्टर गिलरी दिसत होते. बोट तसंच वर होतं.

ते जागचे हलले, हे खरं.

मिस वर्लीननी दाराकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. "एवढीच आहे," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या एक पातेलं घासत होत्या. पातेलं स्वच्छ होतं. मी म्हणाले, कदाचित त्यांना बरं वाटत नसेल.

"बरं नसलेला माणूस घाईने जातो. हे सावकाश गेले." त्यांनी पातेलं उलटं केलं आणि तळ घासायला घेतला. "नेमकं झाडाशी उठले, कॉलेज. उद्या बदलीचा अर्ज देते."

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. मी उघडलं. मिस्टर गिलरी होते, थंडीने आखडलेले.

"पुढून आत घेत नाहीत," ते म्हणाले. "कविता संपली का?"

मिस वर्लीन पातेलं घासत राहिल्या.

"मला बाहेर का नेलं?"

सिस्टर अर्नेस्टीन उष्ट्या ताटल्या घेऊन आत येत होत्या. "तुम्हीच तर जायला मागितलंत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपलं पांढऱ्या मोज्यातलं बोट वर करून त्याचा अर्थ सांगितला. मिस्टर गिलरी लाल झाले. त्या रंगाचा हा तोटा आहे, सगळं दिसतं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "मनाला फार भिडलं की बोट वर करतात. हात हलवण्यापेक्षा बरं वाटलं. शांत. ब्रदर डेल्बर्ट गातात तेव्हा तर कितीतरी बोटं वर होतात."

"आम्ही पळत असतो," सिस्टर अर्नेस्टीन म्हणाल्या.

"मी दर महिन्याला त्यांचं अभिनंदन करतो."

सिस्टर अर्नेस्टीननी ताटल्या खाली ठेवल्या. "म्हणजे ते तुम्ही. तो माणूस ईस्टरसाठी आणखी चार गाणी बसवतोय."

मी हसले. मिस वर्लीन हसल्या नाहीत. त्यांनी नळ बंद केला.

"काय भिडलं?"

मिस्टर गिलरींनी टोपी हातात फिरवली. "झाड." मग म्हणाले, "आमच्या घरी तुम्हाला झाडसुद्धा केलं नसतं. आईने दारातच थांबवलं असतं. मी तेव्हा काही बोललोही नसतो."

मला वाटलं, हे बोलायची काय गरज होती. मिस वर्लीनना तसं वाटलेलं दिसलं नाही. त्या पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघत होत्या.

"आई गेल्या का?"

"नाही. ओपेलूसासला असते. दर रविवारी फोन करतो."

"आज केलात?"

"संध्याकाळी करतो."

"आत्ता करा."

मिस्टर गिलरींनी खिशातून फोन काढला. इंजिन उघडताना घेतात तसा श्वास घेतला. आई, मी क्लोव्हिस. हो, जेवलो. आई, इथे एक बाई आहेत. बस चालवतात. नाही, माझ्या ओळखीच्या म्हणजे, मला त्या आवडतात. नाही, आई. रंग आपल्यासारखा नाही. काळा. हो, पुष्कळ काळा.

मग पलीकडे शांतता. सिस्टर अर्नेस्टीननी हातमोजे काढले. मी त्यांचे हात पहिल्यांदाच पाहिले.

मग पलीकडून एक प्रश्न आला. मिस्टर गिलरी म्हणाले, "बॅप्टिस्ट."

फोन कट झाला.

"कशावर ठेवला?" मिस वर्लीननी विचारलं.

"बॅप्टिस्टवर."

"रंगावर नाही?"

"रंगावर ती नुसती गप्प झाली."

"ठीक आहे," मिस वर्लीन म्हणाल्या. "तेवढं चालेल." त्यांनी ओले हात एप्रनला पुसले, पाठ ताठ केली, आणि माइक नाही, टाळ्या नाहीत, उष्ट्या ताटल्यांच्या ढिगासमोर उरलेलं कडवं म्हटलं:

राजपुत्र आला. घोडा नव्हता.
हातात पाना, नखांत ग्रीस.
त्याने मला उठवलं नाही, मी उठलेलीच होते.
त्याने फक्त आरसा घट्ट बसवला.
आता त्यात पोरं हलत नाहीत,
पोरांच्या मागे डेपोचं दार दिसतं,
दारात तो दिसतो.
आरशा, मी तुला काही विचारलं नव्हतं.
तू आपणहून का सांगितलंस?

सिस्टर अर्नेस्टीन नाक शिंकरत होत्या. मी चार वर्षं कविता वाचल्या आहेत, पण असं कोणी कोणाच्या तोंडावर म्हणताना मी पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते मला कळेना.

मिस्टर गिलरींनी हात वर केला नाही. त्यांनी पुन्हा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. खूप वेळ वाजली.

"आई," ते म्हणाले, "ठेवू नकोस. मला काही सांगायचं नाहीये. तू फक्त ऐक." आणि त्यांनी फोन मिस वर्लीनपुढे धरला.

मिस वर्लीन, ज्या भर चौकात ट्रकवाल्याला काच खाली करून ऐकवतात, त्या मागे सरकल्या. त्यांची हॅट कपाटाला लागून वाकडी झाली. त्यांनी ती सरळ केली, जणू फोनमधून दिसणार होती. मग फोन घेतला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "माझं नाव वर्लीन. तुम्हाला थोडा वेळ आहे का?"

आम्ही तिघं कान देऊन उभे होतो. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही.