लपाछपी शिकवली तेव्हा

विश्रामबागेत दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही स्वमग्न मुलांसाठी केंद्र चालवायचो, तेव्हाची गोष्ट. मुलांना एकमेकांबरोबर खेळायला शिकवणं हे माझं काम. ऐकणाऱ्याला ते सोपं वाटतं. पण खोलीत दुसरं मूल आहे याची ज्याला दखलच घ्यावीशी वाटत नाही, त्याला चेंडू परत ढकलायला शिकवण्यात कधी कधी दोन-दोन महिने जातात.

कडेगावकडची एक आठ वर्षांची मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. आजोबा तिला एसटीने आणायचे. फौजेतून निवृत्त झालेले, तास संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर ताठ बसून राहणारे. मुलगी फारशी बोलायची नाही. नावाने हाक मारली तरी वळून बघायची नाही. चेंडू झाला, ठोकळे झाले, कशातच ती दुसऱ्यासाठी थांबली नाही. एकदा ती आपणहून पडद्यामागे जाऊन उभी राहिली आणि मला लपाछपी सुचली.

मी भिंतीकडे तोंड करून दहा, वीस, तीस असं शंभरपर्यंत मोठ्याने मोजायचे, उगाच इकडेतिकडे शोधायचे आणि मग पडदा सरकवायचे. ती खुदकन हसायची. पुढे आणखी दोन मुलं खेळात घेतली. राज्य कोणावर आहे ते तिला कळू लागलं. सापडेपर्यंत हलायचं नाही, आवाज करायचा नाही, हा नियम तर तिने सगळ्यांत पक्का केला.

आजोबांना मी खिडकीतून दाखवलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "पयल्यांदाच कुणाची तरी वाट बघाय लागलीया."

त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर फार खूश होते.

हिवाळ्यात, ऊसतोड जोरात असताना, एका दुपारी त्यांचा फोन आला.

"बाई, पोरगी मघाधरनं दिसंना. भावंडांसंगं खेळत हुती."

"काय खेळत होती?"

"लपाछपी."

बाकीच्या मुलांना जेवायला हाक आली, तशी ती सगळी उठून घरात गेली होती. खेळ संपला हे हिला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"उसात शिरली असंल. वरडून वरडून घसा बसला. शेजारचा फड पेटवून तोडणार हुते, त्यास्नी थांबवलंय. पर ती ओ देईना, बाई."

ती ओ देणार नव्हतीच. मी म्हणाले, "हाका मारू नका. मुलांना बांधावर उभं करा आणि मोजायला सांगा. शंभर झाले की शोधत आत जाऊ द्या."

फोन चालूच राहिला. आधी वारा ऐकू आला, मग पोरांचे रडवेले आवाज. दहा, वीस, तीस. शंभर झाले. काही नाही. आजोबांनी त्यांना पुढच्या बांधावर नेऊन पुन्हा मोजायला लावलं. तिसऱ्या बांधावरून मुलं उसात शिरली तेव्हा ती हसली. मला ते हसू ऐकू आलं नाही, फक्त आजोबा कुणाला तरी म्हणाले, "घावली," ते ऐकू आलं.

ती गुडघे पोटाशी घेऊन उसाच्या वाळक्या पाचटावर बसली होती. गालांवर, हातांवर पात्यांचे ओरखडे. तीन तास झाले होते.

पुढच्या खेपेला मी आजोबांची माफी मागितली.

"तुमी शिकवलं म्हणून गेली, ते खरंय," ते म्हणाले. "तुमी शिकवलं म्हणून घावली, ते बी खरंय." आणि नेहमीसारखे बाकावर जाऊन बसले.

'खेळ संपला' एवढे दोन शब्द तिला शिकवायला मला चार महिने लागले. ते आधी शिकवायला हवे होते.

आता मी साताऱ्यात असते. आजोबा दिवाळीला फोन करतात. ती भावंडांबरोबर लुडो खेळते, हरली की सोंगट्या उधळते, असं सांगतात. मी हसते. पण रस्त्याने जाताना उसाच्या फडावर धूर दिसला की मला गाडी बाजूला घ्यावी लागते. आगीचं तर आहेच. पण त्याहून दुसरंच काहीतरी मला सोडत नाही. त्या तीन तासांत ती एकदाही रडली नव्हती. आपल्याला शोधायला कुणीतरी येणार, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. आणि सगळे घरात जेवत होते.