आरसे नसलेला लेसर

आमच्या जळगावच्या कॉलेजात लेसरची लॅब आहे म्हटलं की लोक आधी हसतात. हसू देत. आम्ही लॅबवाले चहाला बसलो की बाकी विषय मागे पडतात आणि वैशालीचे किस्से निघतात. एकाचा संपत नाही तोच दुसऱ्याला नवा आठवतो. ती धुळ्याजवळच्या खेड्यातली, माझ्याबरोबरच पीएच.डी.ला लागलेली. हट्टी किती, ते ऐकाच.

*

तिचा विषय रँडम लेसर. नेहमीच्या लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांमध्ये ये-जा करून वाढतो. हिच्याकडे आरसेच नाहीत! चमकणाऱ्या रंगाच्या पाण्यात पांढरी पूड कालवायची आणि वरून दुसऱ्या लेसरचा झोत मारायचा. आत प्रकाश कणाकणावर आपटत भटकतो, भटकता भटकता वाढतो आणि बाहेर पडतो.

मागवलेली पूड येईना; भिंतीच्या पांढऱ्या रंगातही तीच असते, म्हणून आम्ही पिंप्राळ्यातल्या रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार रफीकभाईंनी विचारलं, "भिंत केवढी आहे?"

"भिंत नाही, चमचाभर पाणी आहे."

"पाण्याला रंग द्यायचाय?"

"नाही, पाण्याचा लेसर करायचाय."

रफीकभाईंनी पूड फुकट दिली. वर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताईंना घरी सांभाळून न्या."

*

खरी पंचाईत पुढे. पाणी तेच, झोत तेवढाच, पण दर झोताला बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा ग्राफ वेगळा. गाईड सर म्हणाले, "व्होल्टेज." हिने सगळा सेटअप बॅटरीवर घेतला. ग्राफ वेगळेच. सर म्हणाले, "हायवेवरच्या ट्रकचे हादरे." हिने टेबलाखाली स्कूटरच्या ट्यूब हवा भरून घातल्या. तरी वेगळेच.

शेवटी सर वैतागले. "सरासरी काढ आणि मोकळी हो. असा थीसिस कोणी पास करणार नाही."

"सर, सरासरीत नेमकं हेच पुसलं जातं. हा बिघाड नाही, या प्रकाशाचा स्वभाव आहे, तो दर वेळी वेगळ्या वाटेने भटकतो. थीसिस त्याच्यावरच आहे."

सर ग्राफांचा गठ्ठा टेबलावर टाकून निघून गेले.

*

तिचे वडील, आबा, एकदा लॅबमध्ये आले. सगळं पाहून म्हणाले, "बिघाड कोठे शे, ते सापडनं का?"

"बिघाड नहीच, आबा."

"मंग सर काबर खवळतस?"

सर का चिडतात ते सोडून वैशालीने त्यांना टेबलाखालच्या ट्यूब दाखवल्या. आबा काळजीतच गेले, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

*

मग व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "प्रयोग दाखवा."

वैशालीने बटण दाबलं. ग्राफ आला. पुन्हा दाबलं. अगदी तसाच. तिसराही तसाच.

"वा, किती सारखे!" परीक्षक खूश झाले. सरांच्या जिवात जीव आला. ती गप्प बसली असती, तर डिग्री तिथेच हातात होती.

"नाही सर, हे चुकलंय," वैशाली म्हणाली. "झोत कमी पडतोय. माझा लेसर अजून पेटलाच नाही, नुसता रंग चमकतोय, म्हणून सारखे येताहेत."

सरांनी डोळे मिटले. तिने झोत वाढवला आणि बटण दाबलं. वेगळा. पुन्हा दाबलं. आणखी वेगळा. परीक्षक खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसले.

"यातला बरोबर कोणता?"

"सगळे, सर."