काना संपला तर?

शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते आणि आमच्या दैनिकाचा मजकूर अजून हाताने जुळवला जात होता. लाकडी केसच्या खान्यांतून एकेक खिळा, म्हणजे शिशात ओतलेले अक्षर, उचलायचा, हातातल्या स्टिकमध्ये उलटा लावायचा, ओळ भरली की पुढची ओळ. हे काम पाच कंपोझिटर करत. त्यांतल्या फोरमनना मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे उस्ताद म्हणत.

उस्ताद शहागंजच्या मागच्या गल्लीत राहत आणि दुपारी पायी घरी जाऊन जेवून येत. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले तेव्हा ते एका उर्दू शिळाछापखान्यात दगड घासण्याचे काम करत होते. पुढच्या काही वर्षांत शहरातले उर्दू छपाईचे काम आटले आणि मराठीचे वाढले. उस्ताद मराठी शिकले ते शाळेत नव्हे, केसवर. कोणते अक्षर किती लागते हे त्यांना आधी कळले, त्याचा उच्चार नंतर.

मग मालकांनी तीन संगणक आणले. त्यांच्यासाठी फळ्यांची भिंत घालून वेगळी खोली झाली, खाली गालिचा आला, यंत्रे गार राहावीत म्हणून एअरकंडिशनर बसला, दारावर ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी लागली. फुलंब्रीहून रोज एसटीने येणाऱ्या कंपोझिटरने पहिल्या दिवशी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. तो थट्टेने केला की मनापासून, हे त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही.

शिकवायला शहरातल्या एका संगणक वर्गातून एक तरुणी येऊ लागली. नुकतीच पदवी घेतलेली, लुनावरून येणारी, भराभर बोलणारी. मी उपसंपादक होतो. सरावासाठी मजकूर द्यायचा आणि निघालेली प्रुफे तपासायची, एवढे काम माझ्याकडे होते. त्यामुळे दिवसातला बराच वेळ मी त्या खोलीत असे.

व्यवस्थापकांनी अट स्पष्ट सांगितली होती. वर्धापनदिनाची पुरवणी पूर्णपणे संगणकावर होईल. ज्याला जमेल तो नव्या विभागात. ज्याला जमणार नाही तो चितेगावच्या गोदामात, कागदाच्या रिळांवर. पगार तोच राहणार होता. पण गोदामातला कागद कोरा असतो. शिवाय अट सांगून झाल्यावर व्यवस्थापक दारातच म्हणाले होते, “उस्तादांचं वय झालं. त्यांना चितेगावच बरं.” उस्ताद आत होते आणि त्यांचे कान चांगले होते.

शिकवणी सुरू झाली. तरुणी एक गोष्ट सांगे, करून दाखवी आणि विचारी, “समजलं?”

“हो.”

“काही शंका?”

“नाही.”

पाचही माना एकदम हलत. तिने पहिल्या आठवड्यात व्यवस्थापकांना सांगितले की इतके हुशार विद्यार्थी तिला वर्गातही मिळाले नव्हते.

कंपोझिटरांच्या खोलीची रीत तिला माहीत नव्हती. तिथे नवा माणूस बघून शिके. विचारणे म्हणजे लक्ष नव्हते असे कबूल करणे, आणि त्याबद्दल उस्तादांची पितळी पट्टी बोटांवर बसे. इतर चौघे त्या पट्टीखालूनच तयार झाले होते. आता ते संगणकाकडेही तसेच बघत बसले. पण केसवर बघायला हात असतो, खिळा असतो. इथे बटण दाबले की काहीतरी होई आणि ते कुठे होई ते दिसत नसे. जे दिसत नव्हते त्याबद्दल पाचही जण आदराने गप्प राहिले.

तरी हात वळत गेले. पुरवणीचे लेख एकामागून एक टाइप झाले, प्रुफे निघाली, मी ती पास केली. पाने लावण्याचा दिवस उजाडला. सकाळी तरुणीने पहिली फाइल उघडली. ती कोरी होती. दुसरी उघडली, तीही कोरी. सगळ्या लेखांची नावे यादीत जागच्या जागी होती आणि आत एकही अक्षर नव्हते.

तिने आधी यंत्राला दोष दिला, मग विजेला. तेवढ्यात व्यवस्थापक आले. त्यांनी यंत्राकडे पाहिलेच नाही.

“हा मुद्दाम केलेला प्रकार आहे,” ते म्हणाले. “यांना संगणक नकोच आहे. काल शेवटी खोलीत कोण होतं?”

“मैं,” उस्ताद म्हणाले.

“मग हे कुणी पुसलं?”

“मैंने साफ किया. रोज मैंच करता हूं.” त्यांच्या आवाजात चोरी नव्हती, थोडा अभिमानच होता. “लेख टाइप हुआ, प्रूफ पास हुआ. फिर खिळे अपने घर में नहीं डालना क्या? नहीं तो कल काना कां से लाना?”

मला आणि चौघा कंपोझिटरांना उत्तर लगेच समजले. तरुणीला आणि व्यवस्थापकांना फुलंब्रीच्या कंपोझिटरने समजावून सांगितले. काम छापून झाले की जुळवलेले खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खान्यात परत टाकायचे असतात. शिसे मोजके असते. ते सोडवले नाही तर दुसऱ्या दिवशी अक्षरे पुरत नाहीत, आणि सगळ्यांत आधी संपतो तो काना. मजकूर न सोडवता घरी जाणारा फोरमन म्हणजे उष्टी भांडी तशीच ठेवून झोपणारी सुगरण. उस्ताद रोज सगळ्यांच्या मागे थांबत होते आणि एकेक फाइल उघडून, एकेक अक्षर मागे घेत, यंत्राचे खाने भरून ठेवत होते.

“झालं!” व्यवस्थापक म्हणाले. “उद्यापासून चितेगाव.”

“थांबा,” तरुणी म्हणाली. “प्रुफं कागदावर आहेत. पुन्हा टाइप करता येतील.” मग ती उस्तादांकडे वळली. “काका, हे खिळ्यांचं तुमच्या मनात कधीपासून होतं?”

“पहले दिन से.”

“मग विचारलं का नाही?”

“आप पूछे, समजलं क्या. हम बोले, हौ.” उस्तादांना खरोखर कोडे पडले होते. “इसमें सवाल पूछने की जगा कां थी?”

तिने यावर विचार केला. व्यवस्थापकांकडून तिने मुदत मागून घेतली: मालक पुरवणी बघायला येतील तोपर्यंत उस्ताद इथेच राहतील, त्यांच्यासमोर उस्तादांनी पहिले पान लावून दाखवायचे, मग काय ते ठरवा. व्यवस्थापकांनी मान्य केले, कारण निकाल काय लागणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्या दुपारी ती संगणकाच्या खोलीत गेलीच नाही. कंपोझिटरांच्या खोलीत जाऊन केससमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आज मला शिकवा.”

मग ती विचारत सुटली. खिळ्याला ही खाच कशाला? उलटं वाचता वाचता पाटीसुद्धा उलटी वाचता का? घाईत चुकून दुसऱ्या खान्यात हात गेला तर? बोटं काळी होतात, जेवताना शिसं पोटात जात नाही?

“म्याडम,” फुलंब्रीचा कंपोझिटर म्हणाला, “आमच्या अंगात आता शिसंच लई हाय. रगत नावाला.”

उस्ताद सुरुवातीला एका शब्दात उत्तरे देत होते. मग दोन शब्दांत देऊ लागले. खाचेच्या प्रश्नावर त्यांनी चष्मा पुसून व्याख्यानच दिले: अंधारातही अंगठ्याला खाच लागली की खिळा कुठल्या बाजूने धरला ते कळते. तरुणीने एक ओळ जुळवली. ओळ चांगली जमली म्हणून तिने ती चिमटीत धरून स्टिकमधून उचलली. ओळ मधून वाकली आणि खिळे फरशीभर झाले.

“पूछ के उठाना था ना, बेटा!” उस्ताद ओरडले.

ओरडले आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आले असावे. चौघे कंपोझिटर त्यांच्याकडे पाहत होते.

“उस्ताद,” फुलंब्रीचा म्हणाला, “आमाला विचारलं की पट्टी बसायची.”

“वो जमाना अलग था.”

“व्हय. बोटं मातर हीच होती.”

उस्ताद हसले. आधी खांदे हलले, मग आवाज आला. मग सगळेच गुडघ्यांवर बसून खिळे वेचू लागले.

दुसऱ्या दिवसापासून तिने ‘समजलं का’ विचारणे बंद केले. नवी रीत अशी ठरली: प्रत्येकाने एक प्रश्न विचारल्याशिवाय संगणक सुरू होणार नाही. प्रश्न जितका साधा तितका चांगला. शहाण्यासारखा प्रश्न विचारणाऱ्याला ती दुसरा विचारायला लावी.

पहिला मान अर्थातच फुलंब्रीच्या कंपोझिटरने घेतला. “लाइट गेली की आतली अक्षरं कुठं जातेत?” या एका प्रश्नाने सकाळ गेली आणि मजकूर जपून ठेवणे म्हणजे काय, फ्लॉपी कशासाठी, हे सगळ्यांना समजले. दुसऱ्याने विचारले, यंत्राला आपली चूक कळते का. आणि कळत असेल तर ते गप्प का बसते? तिसऱ्याचा प्रश्न होता, बटणे जोरात दाबली तर अक्षरे ठळक येतात का. आठवडाभर तो तसे करतच होता.

काही प्रश्नांना ती सरळ म्हणे, “मला माहीत नाही. उद्या विचारून सांगते.” आणि सांगे. मास्तरला न येणारे काही असते, हा अनुभव त्या खोलीत नवा होता. माझ्या समजुतीप्रमाणे शिकवणीला खरा वेग आला तो तिथून.

एकदा व्यवस्थापक आत डोकावले. “शिकवणं चाललंय की गप्पा?”

“सायेब, तुमचा बी एक प्रश्न होऊ द्या,” फुलंब्रीचा म्हणाला. “त्याबिगर मशीन चालू होत नाय.”

व्यवस्थापक दार लावून निघून गेले.

उस्तादांचा प्रश्न शेवटी येई. पहिल्या दिवशी त्यांनी तोच विचारला. “काना खतम हुआ तो?”

“संपत नाही, काका.”

“कितना भी?”

“कितीही. बघा तुम्हीच.”

उस्तादांनी कान्याचे बटण दाबून धरले. पडदा भरला, ओळी वर सरकल्या, नव्या आल्या. ते बटणावरचे बोट काढेनात. जेवणाची सुटी झाली तरी बसून होते. मग हात मांडीवर ठेवून हळू म्हणाले, “उमरभर इसके पीछे भागा मैं.” फुलंब्रीच्या कंपोझिटरने यावर काही विनोद केला नाही.

प्रुफांवरून सगळे लेख पुन्हा टाइप झाले आणि या वेळी ते फ्लॉपीवर जपून ठेवले गेले. मालक आले त्या दुपारी खोलीत दाटी झाली. उस्ताद पुरवणीचे पहिले पान लावायला बसले. मथळा बसला, स्तंभ बसले, मालकांचा अग्रलेख जागेवर आला. त्याभोवती चौकट घालायची राहिली. उस्तादांचे हात थांबले. त्यांनी एक बटण दाबले, मागे घेतले, दुसऱ्यावर बोट नेले आणि पुन्हा थांबले. व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिले. तरुणी बोलणार होती, पण तिने ओठ मिटून घेतले.

उस्ताद खुर्चीत वळले. समोर मालक उभे होते, व्यवस्थापक उभे होते, आणि हाताखाली तयार झालेले चौघे कंपोझिटर उभे होते.

“बेटा,” ते मोठ्याने म्हणाले, “चौकट का पहला बटण कौनसा? भूल गया मैं.”

तिने सांगितले. उस्तादांनी चौकट घातली.

“बघितलंत?” व्यवस्थापक मालकांना म्हणाले. “अजून विचारावं लागतंय.”

“तेच बघतोय,” मालक म्हणाले. “इतक्या वर्षांत उस्तादांनी मला एक गोष्ट विचारलेली आठवत नाही. पगारवाढसुद्धा.” त्यांनी एक खुर्ची ओढली आणि उस्तादांशेजारी बसले. “आता माझा प्रश्न. हा माझा अग्रलेख. समजा जागेत बसला नाही, तर या यंत्रावर तो मला न विचारता कमी करता येतो?”

“साब,” उस्ताद म्हणाले, “वो तो हम खिळ्यों पे भी करते थे.”

मी फळ्यांच्या भिंतीकडे पाहू लागलो, कारण कुठली ओळ गाळायची ते उस्तादांना बहुतेक वेळा मीच दाखवत असे. मग मालक हसू लागले, आणि बराच वेळ हसत राहिले. उठताना व्यवस्थापकांना म्हणाले, “चितेगावला दुसरं कुणी बघा. यांना इथं काम आहे.”

पुरवणी वेळेवर निघाली. सोमवारी उस्ताद नव्या विभागाचे फोरमन म्हणून खोलीत आले. व्यवस्थापक हजेरी घ्यायला दारात उभे होते. उस्ताद खुर्चीवर बसले, खांद्यावरचा रुमाल कानांभोवती घट्ट केला, आणि म्हणाले, “साब, एक पूछना था. ये ठंडी हवा थोडी कम होती क्या?”

त्या खोलीत पाचही जण इतके दिवस गारठून काम करत होते, हे त्या दिवशी उघड झाले. यंत्रासाठी सोडलेल्या गार हवेला हात लावायचा नसतो, अशी त्यांची समजूत होती. व्यवस्थापकांनी तरुणीकडे पाहिले. तिने एअरकंडिशनरची कळ फिरवली, आणि फुलंब्रीच्या कंपोझिटरने अंगातला दुसरा सदरा काढून खुंटीला अडकवला.