मधला माणूस

एका सोमवारी मी आईच्या फोनमध्ये अशी सोय केली, की फक्त जतन केलेल्या नंबरांचेच फोन वाजतील. त्याच वर्षी दिवाळीआधी आई गेली. या दोन्हींच्या मध्ये जे घडलं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी इस्लामपूरला एका महाविद्यालयात नेटवर्कची सुरक्षा शिकवतो. आई पाटणजवळच्या गावी एकटी राहायची. तिला एकदा फोन आला — बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा. तिनं डोळे बारीक करून पहिले तीन आकडे सांगितलेही. पुढचे वाचायला चष्मा सापडेना, म्हणून वाचली. त्यानंतर मी ती सोय केली. वर्गात हिला मी फायरवॉल म्हणतो — दारावरचा राखणदार. ओळखीच्याला आत घेतो, बाकीच्यांना परस्पर माघारी धाडतो. आईला शब्द आवडला. "माझ्या पोरानं फोनात राखणदार बसवलाय," ती शेजारणींना सांगायची. "तुमी लावून बघा, लागायचा न्हाई."

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण वत्सी, जतकडे राहते. दोघी रोज संध्याकाळी बोलायच्या. काय बोलायच्या? काही नाही — भाजी काय केली, पाणी आलं का. मग मावशीचं सिमकार्ड बिघडलं आणि तिनं नवा नंबर घेतला. राखणदाराला तो ओळखीचा नव्हता. आई जुन्या नंबरावर लावायची, तो बंद.

सुरक्षेचे तीन खांब असतात, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगतो. गुपित गुपित राहावं. निरोप वाटेत बदलू नये. आणि ज्याचा हक्क आहे, त्याला दार उघडावं. तिसरा खांब मुलं विसरतात. मीही विसरलो होतो — पण ती नुसती चूक होती. मला सांगायचंय ते पुढचं आहे.

मी गावी गेलो तेव्हा आईनं विचारलं, "वत्सी का बोलंना रं? काय चुकलं माझं?" मी तिचा फोन हातात घेतला. अडवलेल्या फोनांत एकच अनोळखी नंबर, पुन्हा पुन्हा. मी अंगणात जाऊन माझ्या फोनवरून तो लावला. मावशीच होती. माझा आवाज ऐकताच म्हणाली, "अक्का रागावली व्हय रं? तुझ्या पोरीच्या साखरपुड्याला आले न्हाई म्हणून?"

किती सोपं होतं — मावशी, राग कसला, मीच तुझा फोन अडवून ठेवला. एवढंच तर बोलायचं होतं. पण आतून आईचा आवाज येत होता, ती शेजारणीला म्हणत होती की माझा पोरगा आलाय, त्याला फोनातलं समदं कळतं.

मी म्हणालो, "थोडी रागावलीय, मावशी. निवळेल. जरा दिवस जाऊ देत."

आईला सांगितलं, तिचा नंबर बदललाय, घरी पाहुणे आहेत, सवडीनं करेल. नवा नंबर फोनात जतन केला. वाट मोकळी झाली, आता आपोआप जुळेल — असं खरंच वाटलं मला? की तसं वाटून घेतलं?

धाकटी थोरलीचा राग निवळायची वाट बघत राहिली. थोरली धाकटीच्या सवडीची. आई फोन पदराखाली घेऊन बसायची. तुळशीला पाणी घालायलाही तो घेऊन जायची. तो वाजला असता. मावशीनं लावला असता, तर वाजला असता.

मग एका सकाळी आईचं हृदय बंद पडलं.

नेटवर्कवरच्या एका हल्ल्याबद्दल मी वर्गात शिकवतो. दोघांच्या मध्ये तिसरा बसतो. याचा निरोप बदलून त्याला देतो, त्याचा बदलून याला. दोघांना वाटतं, आपण एकमेकांशीच बोलतोय. मुलं विचारतात, सर, पण त्यांना कळत कसं नाही? मी सांगतो, निरोप ओळखीच्या वाटेनं येतो म्हणून. दरवर्षी सांगतो. धडा वगळता येत नाही, परीक्षेला असतो. खडू हातात असतो, फळ्यावर मी तीन गोल काढतो आणि मधल्यात काही लिहीत नाही.

सावडायला मावशी आली होती. मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "जाताना राग गेलता का रं तिचा?"

तेव्हा तरी? तेव्हाही नाही. मी म्हणालो, "गेला होता." मावशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, तू होतास म्हणून कळलं बाबा.

आईचा फोन माझ्या टेबलाच्या खणात आहे. मावशी आता मला फोन करते, दर रविवारी. भाजी काय केली, पाणी आलं का. आपल्याला बहिणीनं माफ केलं, असं ती धरून चाललीय. माफ करण्यासारखं तिनं काहीच केलं नव्हतं. फोन वाजतो. मी उचलतो.