शिगोशीग भरलेली बाटली

लिलावघरात कारकून होतो तेव्हा मला जुन्या स्कॉचच्या बाटल्यांचं वेड लागलं. मोठमोठ्या घरांतलं सामान आमच्याकडे विकायला यायचं आणि कपाटाच्या तळाशी कधीकधी वीस-पंचवीस वर्षं न उघडलेली बाटली निघायची. पिण्यात मला फारसा रस नव्हता. बूच, लेबल, काचेच्या बुडातले आकडे बघून ती कधीची, खरी की खोटी हे ओळखायचं, यातच मजा यायची. बोरिवलीच्या दोन खोल्यांत, कपड्यांच्या कपाटात, मी अशा सहा बाटल्या ठेवल्या होत्या. दारू बाळगायचं परमिट होतं, तरी बायको म्हणायची, "पोलीस आले तर मी माहेरी."

एका शनिवारी माझा मुलुंडचा मित्र पिशवीत वर्तमानपत्र गुंडाळून एक बाटली घेऊन आला. कुर्ल्याला जुनंपानं विकणाऱ्या एका माणसाकडून त्याने ती घेतली होती, वडिलांसाठी. वडील मालवणकडचे, उभा जन्म बोटीवर खानसामा. हीच स्कॉच त्यांनी साहेबांना वर्षानुवर्षं ओतून दिली, स्वतः कधी तोंडाला लावली नाही. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नवा चष्मा आला म्हणून रविवारी घरात मटणाचा बेत होता.

"बघ ना जरा," मित्र म्हणाला. "तू हो म्हणालास तरच उघडणार."

मी बाटली खिडकीशी धरली. बूच जुन्या पद्धतीचं, पत्र्याचं, स्प्रिंगने दाबून बसणारं. लेबल कडेला पिवळं पडलेलं. आणि दारू मानेपर्यंत शिगोशीग. इतकी भरलेली जुनी बाटली मी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

"एकदम अस्सल," मी म्हणालो. "डोळे झाकून उघड."

रविवारी सकाळी मी माझ्या बाटल्या पुसायला काढल्या. त्यात दोन स्प्रिंगच्या बुचाच्या होत्या. दोन्हींतली दारू मानेच्या खाली उतरलेली, एकीतली तर चांगली बोटभर. ते बूच घट्ट बसत नाही. वर्षानुवर्षं थोडी थोडी उडून जातेच. हे मी स्वतः दहा जणांना सांगितलं होतं. मग मित्राची बाटली शिगोशीग कशी?

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. जुनी रिकामी बाटली, जुनं बूच, आत नवीन काहीतरी. काय, ते देव जाणे. त्या वर्षांत विषारी दारूने माणसं गेल्याच्या बातम्या अधूनमधून यायच्या. जे जगायचे त्यांतल्या काहींचे डोळे जायचे.

मित्राकडे फोन नव्हता. त्यांच्या खालच्या वाण्याचा नंबर होता. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून मी तीनदा लावला, कोणी उचलला नाही. मग रिक्षा केली. आरे कॉलनीतून जाताना म्हशी रस्त्यावर आल्या आणि रिक्षा थांबली. गुराखी निवांत होता. मी खाली उतरून ओरडायला लागलो तसा रिक्षावाला म्हणाला, "काय साहेब, कोण आजारी आहे का?" मी पुढच्या म्हशीला हाताने ढकलायला लागलो.

मुलुंडला पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. काका, म्हणजे मित्राचे वडील, काळ्या फ्रेमच्या जाड नव्या चष्म्यात, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. हातातला ग्लास अर्धा झाला होता.

"ये रे! जन्मभर दुसऱ्यांका ओतून दिलंय, आज माज्या झिलान माका ओतून दिल्यान," ते म्हणाले. मित्राने माझ्यासाठी ग्लास भरला आणि पुढे केला. त्याने स्वतः अजून घेतली नव्हती.

माझा हात पुढे जाईना. मित्र बघत राहिला.

"काय रे?"

"पिऊ नका," मी म्हणालो. "माझं चुकलं असेल. बाटली परत भरलेली वाटते."

"वाटते म्हणजे? काल डोळे झाकून उघड म्हणालास ना!"

काकांनी ग्लास खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळूच म्हणाले, "माका जरा धुरकट दिसता."

आतून मटण घेऊन आलेल्या काकूंच्या हातातलं ताट पडलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले आणि म्हणाले, "लक्षणं यायला दिवसही लागतो. दवाखान्यात न्या." पालिकेच्या दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. मित्र दर थोड्या वेळाने बोटं दाखवायचा, "बाबा, किती?" एकदा काकांनी तीनची चार सांगितली. मी वॉर्डच्या बाहेर जाऊन भिंतीला टेकलो. तिथे काकू आल्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, "नवा चष्मा लावल्यापासून ते धुरकटच म्हणतायत रे." पण त्यांच्याही आवाजात धीर नव्हता.

सोमवारी दुपारी काकांना घरी सोडलं. काही झालं नव्हतं. बाटलीतलं उरलेलं मित्राने आदल्या दिवशीच मोरीत ओतलं होतं, त्यामुळे त्यात काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. कदाचित साधी देशी असेल. कदाचित अस्सलही असेल आणि एखादं बूच तेवढं घट्ट बसलेलं असेल.

महिन्याने मी माझ्याकडची एक बाटली, जिची मला खात्री होती ती, काकांना द्यायला गेलो. त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ फिरवली, लेबलवरून अंगठा फिरवला, आणि परत केली. "आता भिती बसली रे," ते म्हणाले. "च्या घे."

खाली सोडायला आलेला मित्र जिन्यात थांबला. "चूक कोणाचीही होते यार," तो म्हणाला. "पण तू तो ग्लास घेतला नाहीस ना, आणि बाबा बघत होते. तेच डोक्यातून जात नाही."

त्याचं खरं होतं. मी घाबरलो होतो. त्यानंतर लिलावघरात कोणी बाटली पुढे केली की मी सांगायचो, "बाहेरून कळत नाही." लोकांना वाटायचं, मी भाव खातोय.