तळ्याच्या अलीकडे वळलेली रेघ

माझा धाकटा भाऊ गेल्यानंतर त्याच्या मित्रांनी त्याच्या स्मरणार्थ जीपगाड्यांची एक फेरी काढली. त्याच्याच जीपच्या बोनेटवर त्याचा हार घातलेला फोटो लावला होता. लावला म्हणजे खोकी बंद करायच्या खाकी चिकटपट्टीने चिकटवला होता, आणि पट्टी त्याच्या कानावरून गेली होती. सांगलीला त्याच्या दारात मी ते पाहिलं. शेजारी उभा असलेला एकजण फोन वर धरून म्हणाला, "ताई, जरा फोटोकडे बघा ना. हां, तसंच." मी मान फिरवली.

जीपमध्ये संगणक त्याने स्वतः बसवला होता. त्या दिवसांत मी साताऱ्याहून सुट्टीला त्याच्याकडे गेले होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण शेजारी बसून बघायला आवडायचं. गाडीच्या तळाला भोक पाडायचं नाही, असा त्याचा हट्ट होता. मग डाव्या सीटचा पुढचा बोल्ट सैल करून त्याखाली एक लोखंडी पट्टी सरकवली, पट्टीवर नळीचा दांडा उभा केला, दांड्यावर तबकासारखी पत्र्याची चौकट बसवली. हादरे बसू नयेत म्हणून चौकटीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. गाडी सुरू करताना संगणक दरवेळी मान टाकायचा, म्हणून त्याला वेगळी बॅटरी दिली. उन्हात पडद्यावरचं काही दिसेना, तेव्हा मी नेलेला कंदी पेढ्यांचा खोका त्याने कापला, आतून काळा रंगवला आणि पडद्याला झापडासारखा लावला. त्या झापडाला कितीतरी दिवस खव्याचा वास येत होता.

चौकटीचे चारही स्क्रू मोठ्या डोक्यांचे होते. बोटांनी फिरवले की सुटायचे. संध्याकाळी घरी आला की तो संगणक काढून आत आणायचा, त्याला पाना शोधत बसायचं नव्हतं.

चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही, हा त्याचा नियम होता. पडद्यावरचा नकाशा वाचणारा शेजारी बसायचा. "वाचायचं काम तुझं," तो म्हणायचा, "तुला सवय आहे." मग मी वाचायची. पुढे ओढा, ओढ्यानंतर डावीकडे, मग चढ. सांगलीच्या पूर्वेकडच्या पवनचक्क्यांच्या पठारावर या वाचण्याशिवाय गत नव्हती. प्रत्येक पवनचक्कीपर्यंत एक मुरमाचा रस्ता केलेला, आणि सगळे रस्ते सारखे. एक चुकला की माणूस तासभर फिरून पुन्हा त्याच पात्याखाली येतो.

आम्ही गेलेल्या वाटेची निळी रेघ पडद्यावर उमटत जायची. पठाराच्या टोकाला खडकात एक तळं आहे. त्याच्या बरंच अलीकडे, एका बोरीच्या झाडापाशी, ती रेघ दरवेळी वळायची. तिथे गाडी लावून तो चालत पाण्यापर्यंत जायचा, बसायचा, परत यायचा. मी गाडीतच पुस्तक वाचत असायची. गाडी पुढे का नेत नाहीस, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

या मित्रांबद्दल मात्र एकदा विचारलं होतं. तो हसला. "माणसं बेताचीच आहेत गं. पण गाडी रुतली की ओढायला येतात."

तेच मित्र त्याचे दिवस झाल्यावर भेटायला आले. त्यांच्यातला पुढारी बांधकामाचा ठेकेदार आहे. चहाची बशी हातात असतानाच त्याने विचारलं, "ताई, कॉम्प्युटरमध्ये त्याचे सगळे ट्रॅक असतील ना? त्याच्या नावानं मोठी रॅली करतोय. पुण्याच्या, कोल्हापूरच्या गाड्या येतील. ते तळ्याकडचं पठार त्यानं कधी आम्हाला दाखवलंच नाही बघा. लई आतल्या गाठीचा." त्याने बशी तोंडाला लावली, फुर्र करून चहा ओढला. मोठ्या रॅलीआधी रस्ता पाहून ठेवायला चार गाड्यांची फेरी काढायची होती. वाचायला मी येते, असं मी म्हणाले. मला त्या सीटवर पुन्हा एकदा बसायचं होतं, दुसरं कारण नव्हतं.

त्याच्या जागेवर ठेकेदार बसला. सीट खटकन मागे सरकवली. गुटख्याची पुडी फोडून तोंडात रिकामी केली आणि रिकामी पुडी पेढ्यांच्या झापडात खोचली. मी ती काढली. कुठे टाकावी कळेना, म्हणून पर्समध्ये ठेवली. ती पर्स मी नंतर वापरली नाही. वाटेत दर थांब्यावर बिर्याणीचे डबे उघडत होते, हाडं रस्त्याकडेला पडत होती, कुणीतरी माझ्या भावाचा आवाज काढून दाखवत होतं आणि बाकीचे हसत होते. नंतर तोच माणूस फोनसमोर उभा राहून डोळे पुसत होता. एका ओढ्यात फोटोवर चिखल उडाला. ठेकेदाराने ज्या फडक्याने इंजिनच्या तेलाची कांडी पुसली होती, त्याच फडक्याने माझ्या भावाचं तोंड पुसलं. काळा ओघळ गालावरून हारात उतरला.

मी वाचत राहिले. डावीकडे. चढ. उजवीकडची पवनचक्की सोडून पुढची.

बोरीपाशी आलो. मी म्हणाले, "इथे थांबायचं. रेघ इथून वळते."

त्याने माझ्यासमोरून वाकून पडद्यावर बोट ठेवलं. बोट तेलकट होतं. "ताई, पुढं पाणी दिसतंय की. रस्ता कशाला पाहिजे?"

"तो पुढे गाडी नेत नव्हता."

"तो भित्रा होता ओ. देवमाणूस, पण भित्रा." आणि त्याने गिअर टाकला.

तळ्याच्या एका अंगाला दगडमातीची बुटकी पाळ घातलेली आहे. जीप तिच्यावरून चढून पाण्यात उतरली. पाळीचे दोन दगड चाकाखाली निखळले, ते मला सीटमधून कळलं. पाणी दाराशी आलं. निवळशंख होतं, क्षणात माती कालवलेल्या ताकासारखं झालं. बाहेर शिट्ट्या वाजत होत्या. बाकीच्या गाड्या काठावर रांगेत थांबल्या, आपापला नंबर यायची वाट बघत. पलीकडच्या काठाला जीप वर आली आणि तिथे एक बाई उभी होती. डोक्यावर घोंगडं, मागे मेंढरं. मेंढरं पाण्याकडे बघत उभी होती, पुढे येत नव्हती.

"आरं, काय केलंसा हे?" ती म्हणाली. "उनाळ्यापतूर ह्येच पाणी हाय आमाला."

"मावशे, पाणी काय पळून चाललंय व्हय?" ठेकेदार खिडकीतून ओरडला. "बसंल गाळ खाली."

"बसंल की. तुझ्या घरच्या टाकीत बुटं घालून नाच, त्यातबी बसंल. मग पी घटाघटा."

काठावरचे हसले. ठेकेदारही हसला आणि खिडकीतून थुंकला. लाल पिचकारी पाण्यात पडली, थोडा वेळ तशीच तरंगली. मी दार उघडून खाली उतरले.

बाईने बोनेटवरचा फोटो निरखून पाहिला. "ह्यो त्यो चष्म्यावाला न्हवं? ग्येला?"

"गेला."

"त्यो गाडी थितं बोरीला लावायचा. चालत यायचा. चपला काडून बसायचा." मग माझ्याकडे वळून, "तुमचा कोन?"

"भाऊ."

"मग तुमी कशाला आनली ही पिडा?"

मागून ठेकेदार सांगत होता, "ताई, उतरलायच तर तेवढा ट्रॅक पेन ड्राइव्हवर घेऊया. रॅलीत तीसेक गाड्या अशाच एकामागून एक काढायच्या इथनं. काय दिसंल!"

मी परत जीपपाशी गेले. डाव्या दारातून आत वाकून पहिला स्क्रू फिरवला. बोटांनीच सुटला. दुसरा चिखलाने जरा अडला, मग सुटला. चारही स्क्रू हातात घेतले, वायर उपटली, संगणक झापडासकट उचलला आणि पदरात गुंडाळला.

"अहो ताई, हे काय?"

"संध्याकाळ झाली की तो हा काढून घेत असे," मी म्हणाले.

"संध्याकाळ कुठं झालीय? जेवणवेळ बी झाली नाही अजून!"

मग मी बोनेटवरची पट्टी नखाने सोडवली. कानाजवळचा थोडा कागद निघून आला. फोटोही पदरात घेतला आणि काठाकाठाने चालत अलीकडे पाळीपाशी आले. बाई माझ्याआधीच तिथे पोचून निखळलेला एक दगड परत जागेवर लोटत होती. दुसरा मला उचलेना, तिने मला बाजूला व्हायला सांगितलं आणि तोही बसवला. बाकीच्या तीन गाड्या पाण्यात उतरल्या नाहीत. पाण्याच्या काळजीने नाही. ताई रडायला लागल्या असं कुणीतरी म्हणालं, आणि रडणाऱ्या बाईसमोर त्यांना शिट्ट्या मारता येईनात. मी रडत नव्हते.

जीप काठाने वळसा घालून आली. परतीच्या वाटेवर मी तिच्या मागच्या सीटवर बसले, संगणक मांडीवर, बंद. पवनचक्क्यांखालून आम्ही फिरत राहिलो. "ताई, चालू करा ना तेवढं," ठेकेदार दोनदा म्हणाला, मग म्हणायचा थांबला. फोनला रेंज नव्हती. त्याच पात्याखाली आम्ही पुन्हा आलो, तेव्हा तो माझ्या भावाला एक शिवी हासडून गेला. हार घातलेला फोटो आता समोर नव्हता, त्यामुळे त्याला सोपं गेलं असावं. डांबरी रस्ता लागला तेव्हा दिवे लागले होते.

नंतर ठेकेदाराचे निरोप येत राहिले, आधी गोड, मग घुश्शातले. रॅली दुसरीकडे कुठेतरी झाली, असं कळलं. जीप मी ठेकेदाराच्या दारातून आणवून घेतली. तिच्यात तो दांडा आणि रिकामी चौकट तशीच आहे. संगणक साताऱ्याला माझ्या टेबलावर असतो. पडद्यावरची ठेकेदाराच्या बोटाची खूण मी ओल्या फडक्याने पुसली, पण कडेला तेलाची एक किनार राहिली आहे. कधी चालू करते. त्याच्या फेऱ्यांची निळी रेघ बोरीपाशी जाते आणि वळते.